खोडरबर दाराबाहेर

बावन्नातून सत्तावीस गेले तर किती उरतात? माझ्यासमोर बसलेल्या तिसरीतल्या मुलाच्या वहीत उत्तर होते ३५. त्याखाली ६१ वजा ३४, उत्तर ३३. त्याखाली ८० वजा ४६, उत्तर ४६. तिन्ही उत्तरांवर तांबड्या शाईची फुली होती आणि शेजारी मोठ्या माणसाच्या वळणदार अक्षरात बरोबर उत्तर लिहून दिले होते. मुलाने ती बरोबर उत्तरे खाली तीन-तीनदा उतरवून काढली होती. पुढच्या पानावर पुन्हा तशीच उदाहरणे आणि पुन्हा तशाच फुल्या.

मुलगा आमच्याच इमारतीतला, तिसऱ्या मजल्यावरचा. रविवारी सकाळी मी पुरवणी उघडून बसलो होतो, तेवढ्यात त्याची आई त्याला हाताला धरून घेऊन आली. "काका, दोन वर्षं ट्यूशनला जातोय. शाळेतून आला की जेवतो आणि तिथेच जातो. तरी हे असं. तुम्ही बँकेत होतात ना? जरा बघाल का याच्याकडे?"

बँकेतल्या माणसाला गणित येते, हा समाजाचा एक जुना आणि लोभस गैरसमज आहे. ३७ वर्षांच्या नोकरीत मला बेरीज, वजाबाकी आणि सह्या यापलीकडे फारसे काही करावे लागले नाही. व्याज काढायला तक्ते असत, पुढे यंत्रे आली. पण बाई दारात उभ्या होत्या आणि मुलगा माझ्याकडे असा पाहत होता, जणू त्याला आणखी एका डॉक्टरांकडे आणले आहे. मी वही हातात घेतली.

वाचकहो, ती उत्तरे पुन्हा एकदा पाहा. मुलगा मनाला येईल ते लिहीत नव्हता. बावन्नातले पाच आणि सत्तावीसातले दोन, फरक तीन. बावन्नातले दोन आणि सत्तावीसातले सात, फरक पाच. म्हणून पस्तीस. प्रत्येक घरात तो इमानेइतबारे मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करत होता. आकडा वर आहे की खाली, याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. मी विचारले, "असं का रे केलंस?" तो म्हणाला, "लहानातून मोठा जात नाही ना!" हा नियम त्याला पहिलीत आपणच शिकवलेला असतो. त्याने तो मनोभावे पाळला. दोन वर्षे त्याला फुल्या मिळत होत्या त्या त्याच्या आज्ञाधारकपणाबद्दल, आणि या दोन वर्षांत "असं का केलंस" एवढे त्याला कोणी विचारले नव्हते.

कोणी विचारायचे? शिकवणीच्या बाईंकडे बावीस मुले. पहिलीतली आहेत, चौथीतली आहेत, मराठी माध्यमाची, इंग्रजी माध्यमाची, राज्य मंडळाची आणि सीबीएसईची. दोन तासांत बावीस जणांचा गृहपाठ पुरा करून घ्यायचा म्हणजे बाईंनी श्वास कधी घ्यायचा? मी त्यांना दोष देत नाही. त्या जे काम करतात त्याला आपण शिकवणी म्हणतो एवढेच. खरे तर ते निम्मे पाळणाघर आहे. आमच्या डोंबिवलीत दर दुसऱ्या इमारतीच्या तळमजल्यावर 'पहिली ते चौथी, सर्व विषय, सर्व माध्यमे' अशी पाटी दिसते, त्याचे कारण गणितात शोधू नका, रेल्वेच्या वेळापत्रकात शोधा. सकाळी सव्वासातची गाडी पकडणारी आई रात्री आठला घरी येते. दुपारी दीड ते रात्री आठ मुलाला कोणीतरी बसवून ठेवायला हवे, आणि बसवलेच आहे तर त्याने अभ्यास करावा, हा व्यवहार आहे. ज्यांच्या घरी आजी असते ते शिकवणीवर टीका करतात. आमच्या घरी माझी आई होती, त्यामुळे मीही वर्षानुवर्षे करत आलो. माझ्या एका कादंबरीत शिकवणी घेणाऱ्या एका मास्तरांची मी यथेच्छ टिंगलही केली आहे. आज ती पाने वाचवत नाहीत.

हे खूळ शहरातलेच आहे असे मला वाटत असे. तेही खरे नाही. 'प्रथम'चा 'असर' अहवाल ग्रामीण भागातला असतो. त्याच्या २०२२च्या पाहणीत पहिली ते आठवीच्या मुलांपैकी ३०.५ टक्के मुले पैसे देऊन शिकवणीला जात होती. २०१८ मध्ये हे प्रमाण २६.४ टक्के होते. आणि त्याच मालिकेतला २०२४चा अहवाल सांगतो की पाचवीतल्या ग्रामीण मुलांपैकी ज्यांना तीन आकडी संख्येला एका आकड्याने भागता येते ती ३०.७ टक्के. म्हणजे दहातल्या सातांना येत नाही. शिकवण्या वाढताहेत आणि भागाकार मात्र फारसा हलत नाही, हे चित्र पाहून बँकेतला माणूस अस्वस्थ होतो. पैसे भरले जाताहेत, पण खात्यात जमा दिसत नाहीत.

सरकारचे नियम या दुखण्याच्या अवतीभोवतीच फिरतात. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८व्या कलमाने शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे आणि त्याच कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नको, असे त्यात सांगितले. पण तिथे कोचिंग केंद्र म्हणजे पन्नासहून अधिक मुलांचे. तळमजल्यावरच्या बाई त्या जाळ्यात येत नाहीत, आणि येऊही नयेत. सात वर्षांच्या मुलाची वजाबाकी का चुकते, हे कोणत्याही परिपत्रकातून कळणार नाही. त्यासाठी त्याच्या शेजारी बसावे लागते.

मी बसलो. एकाचे दोन झाले, दोनाचे सहा. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा, आमच्या दिवाणखान्यात चटईवर. सहाच्या वर मुले घ्यायची नाहीत हे सौभाग्यवतींनी ठरवले, कारण घरात कप सहाच आहेत. पण नंतर माझ्या लक्षात आले की सहा हा आकडा शिकवणीसाठीही उत्तम. सहा मुलांच्या पाट्या मान न वळवता दिसतात. सहाजणांत कोण गप्प बसला आहे हे कळते. बावीसात गप्प बसणाऱ्याला आपण शहाणा मुलगा म्हणतो.

पहिल्याच आठवड्यात मी एक नियम केला. खोडरबर दाराबाहेर, चपलांपाशी ठेवून आत यायचे. मुले हबकली. एकीला तर रडूच आले, तिचे खोडरबर स्ट्रॉबेरीच्या वासाचे होते. मी त्यांना बँकेची गोष्ट सांगितली. बँकेच्या लेजरमध्ये खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला आपली छोटी सही करायची. म्हणजे काय, तर चूक माझी आहे, मी ती पाहिली आहे, आणि दुरुस्त केली आहे. मुलांना ही सहीची कल्पना इतकी आवडली की दोन दिवस ती मुद्दाम चुकत होती. आता त्यांच्या वह्या पाहिल्या तर पानोपानी छोट्या-छोट्या सह्या दिसतात. पालक प्रथम बिचकले. "वही किती घाण दिसते हो!" एक आजोबा म्हणाले. त्यांचेही बरोबर आहे. आपल्याकडे वही स्वच्छ असणे म्हणजे गणित येणे. पण खोडलेल्या जागी काय होते ते गेले की मुलगा कुठे अडला याचा पुरावाच जातो.

चुकीकडे असे पाहायला मला एका जुन्या हेडक्लार्कनी शिकवले, आणि तेही गणित म्हणून नव्हे. संगणक येण्याआधीचे दिवस. सहामाही हिशेबाच्या वेळी लेजरांची बेरीज आणि जनरल लेजरचा आकडा जुळवत आम्ही रात्री अकरा-अकरापर्यंत बसत असू. एकदा सत्तावीस रुपयांचा फरक येत होता. आम्ही पोरे पहिल्या पानापासून पुन्हा बेरजा मारायला लागलो. हेडक्लार्क पान जमवत म्हणाले, "अरे, फरक नऊने जातोय ना? मग कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत. नवात्रिक सत्तावीस, म्हणजे त्या दोन आकड्यांत तीनचा फरक. शोधा." अर्ध्या तासात सापडले. त्रेसष्टच्या जागी मी छत्तीस लिहिले होते. ६३ आणि ३६, फरक २७. दुसरी त्यांची युक्ती अशी, की फरक निम्मा करून ती रक्कम शोधायची. जमेची नोंद नावे पडली असेल तर फरक बरोबर दुप्पट येतो. माझ्यावर ते रागावले नाहीत. त्यांना माझ्यापेक्षा चुकीत जास्त रस होता.

ही नऊची गंमत मी चटईवर एकदा सांगितली. कोणतेही दोन आकडे घ्या, उलटे करा, मोठ्यातून लहान वजा करा. मुलांनी पाट्या भरून उदाहरणे केली. सगळी उत्तरे नवाच्या पाढ्यात आली तेव्हा चौथीतल्या एका मुलीने विचारले, "पण का?" मी उत्तर दिले नाही, नोटा मांडल्या. सहा दहाच्या नोटा आणि तीन नाणी एकीकडे. तीन नोटा आणि सहा नाणी दुसरीकडे. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "तीन नोटा जास्त आणि तीन नाणी कमी. दर नोटेला नऊच उरतात." बीजगणितात हेच आपण आठवीत 'क्ष' आणि 'य' घालून शिकवतो आणि मुले जांभया देतात.

नोटांवरून आठवले. त्या पहिल्या मुलाची वजाबाकी शेवटी सुटली ती सुट्या पैशांनी. पाच दहाच्या नोटा आणि दोन रुपयांची नाणी त्याच्या हातात दिली आणि म्हटले, "मला सत्तावीस दे." त्याने दोन नोटा दिल्या, मग दोन नाणी दिली आणि थांबला. "पाच कमी पडताहेत." मग? "नोट मोडून आणू?" माझ्या पत्नीने स्वयंपाकघरातून दहाचे सुटे दिले. नोटेच्या जागी दहा नाणी आली, त्यातली पाच माझ्या हातावर पडली, त्याच्याकडे दोन नोटा आणि पाच नाणी उरली. पंचवीस. हातचा घेणे म्हणजे नोट मोडणे, हे त्याला त्या दिवशी कळले. दोन वर्षे तो दशकाच्या डोक्यावर काट मारून एक कमी लिहायला शिकत होता, का ते न कळता. आणि कळत नव्हते म्हणून विसरत होता. पाठ्यपुस्तकांतही नोटा आणि नाणी असतात, नाही असे नाही. पण चित्रातली नोट मोडता येत नाही.

इथे मला स्वतःलाच थोडे आवरले पाहिजे. व्यवहारातून गणित शिकवले की झाले, असे म्हणणारा एक पंथ आहे आणि वर्षभरापूर्वी मी त्यात सामील होण्याच्या बेतात होतो. मग आमच्या गटात इस्त्रीवाल्याचा मुलगा आला. पाचवीत आहे, पालिकेच्या शाळेत जातो. कपडे घरोघर पोचवतो आणि पैसे घेऊन येतो. आठ रुपये नग. चौदा कपडे झाले की दारातच म्हणतो, "एकशे बारा." मी विचारले, कसे काढलेस? "दहाचे ऐंशी, वरच्या चारचे बत्तीस." एखाद्या प्राध्यापकानेही याहून सुंदर सांगितले नसते. त्याच मुलाला मी पाटीवर १४ गुणिले ८ मांडून दिले. त्याने आठ चोक बत्तीस लिहिले, त्याच्या डावीकडे आठ एके आठ लिहिले, आणि उत्तर आले ८३२. त्याला त्यात काहीच खटकले नाही. पाटीवरचे गणित ही त्याच्या लेखी वेगळीच गोष्ट होती, तिथे कपडे नव्हते आणि रुपयेही नव्हते. मी म्हटले, "चौदा कपड्यांचे आठशे बत्तीस? दे बरं तुझ्या आईला सांगून." तो इतका हसला की चटईवर आडवा झाला.

त्याचे हे एकट्याचे नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात तोंडी हिशेब चुटकीसरशी करणारी मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या उदाहरणाला अडतात. आणि शाळेत शिकणारी, कागदावर उदाहरण सोडवणारी मुले बाजारातल्या हिशेबाला अडतात. दोन्हींच्या मध्ये पूल नाही आणि तो आपोआप बांधला जात नाही. म्हणून आता नोटा मांडल्या की लगेच पाटीवर लिहायचे, आणि पाटीवर लिहिले की त्याचे तोंडी वाक्य करायचे, अशी आमची येरझार चालते. फार हळू काम आहे. तासाभरात कधीकधी दोनच उदाहरणे होतात, आणि पालक विचारतात, "आज फक्त दोनच?"

याच बॅनर्जी-डफ्लोंचे एक जुने काम मुंबईचेच आहे. २००१ ते २००३ या काळात 'प्रथम'ने मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. वस्तीतल्याच, शालान्त शिक्षणापर्यंत शिकलेल्या तरुण मुली. महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले त्या रोज साधारण दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसत आणि पहिली-दुसरीतले राहून गेलेले शिकवत. मुले खरोखर पुढे सरकली. पण माझ्या मते त्यातला सर्वांत बोलका भाग दुसराच आहे. ही मुले बाहेर गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला, शिक्षकाकडे कमी मुले राहिली, तरी त्या वर्गात राहिलेल्यांची प्रगती काही वाढली नाही. म्हणजे नुसती डोकी कमी करून भागत नाही. 'आमच्याकडे एका बॅचला दहाच मुले' अशी जाहिरात करणाऱ्या क्लासच्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. दहा मुलांसमोर फळ्यावर गणित सोडवून दाखवणे आणि साठ मुलांसमोर सोडवून दाखवणे यात खडूची तेवढी बचत आहे. बालसखीने इयत्ता बाजूला ठेवली आणि मूल जिथे उभे आहे तिथे ती गेली. वर्षभराने त्या फायद्यातला बराचसा ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे. हे काम एकदा करून संपत नाही.

पण मूल जिथे उभे आहे तिथे जायचे म्हणजे पाचवीतल्या मुलाला तिसरीतल्याच्या शेजारी बसवायचे, आणि ते मुलांना लागते. इस्त्रीवाल्याच्या मुलाने दुसऱ्या दिवशी यायचेच टाळले. मग मी त्याला आमचा कॅशियर केले. नोटांची पेटी त्याच्याकडे, सुटे त्याच्याकडून मागायचे. आता तो सव्वापाचलाच येऊन बसतो.

आकड्यांच्या नावांचाही घोळ असतो. सत्तावीस म्हणताना आपण आधी सात म्हणतो आणि मग वीस, पण लिहितो आधी दोन. तिसरीतली मुले सत्तावीस ऐकून ७२ लिहितात ती यामुळे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे तर विचारूच नका. "आजोबा, एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन?" हा प्रश्न मी किमान पन्नास वेळा ऐकला असेल. आणि एकोणनव्वद समजले की म्हणतात, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असे वाचायची सोय दिली तेव्हा मराठीवर संकट कोसळल्यासारखा गदारोळ झाला होता, विधिमंडळापर्यंत. डॉ. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. मुलांच्या बाजूने त्या शांतपणे बोलत राहिल्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्या वेळी त्यांची चेष्टा करणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो. आज चटईवर मी 'वीस सात, सत्तावीस' असे दोन्ही म्हणून घेतो.

पाढ्यांचे काय, असे आमच्या पिढीतले लोक हमखास विचारतात. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, सगळे मुखोद्गत होते. पण तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते, १९५७ पर्यंत. दुकानात पावशेर आणि अदपाव तोलले जाई. औटकी हे त्यांचे व्यवहाराचे हत्यार होते. मी पाढ्यांच्या विरुद्ध नाही, वीसपर्यंत यावेतच. फक्त मूल अडले तर त्याला पाढ्याच्या आत शिरायची वाट माहीत हवी. सात आठे आठवत नसेल तर सात साती एकोणपन्नास, त्यात सात मिळव.

हे मी आज शहाणपणाने लिहितो आहे. १९९४ साली मला ते माहीत नव्हते. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. शेवटून दुसऱ्या गाडीने मी घरी येई, हिशेब न जुळल्याचा सगळा राग डोक्यात घेऊन, आणि जेवणानंतर तिचे पाढे घ्यायला बसे. एका रात्री सात आठे विचारले. ती चोपन्न म्हणाली. पुन्हा विचारले. ती पुन्हा चोपन्न म्हणाली. तिसऱ्यांदा ती काहीच म्हणाली नाही, आणि माझा हात उठला. त्यानंतर तिला छपन्न कायमचे पाठ झाले. दहावीनंतर मात्र तिने गणिताचे तोंड पाहिले नाही. ती इतिहास शिकली, चांगली शिकली, पुण्यात शिकवते. नऊ सक चोपन्न, म्हणजे तिच्या मनात कुठला पाढा शेजारच्या पाढ्यात मिसळत होता हे मी विचारायला हवे होते. बँकेत दुसऱ्याच्या आणि स्वतःच्याही चुकांचा मी इतका कसून माग काढत असे. घरी मला तेवढा धीर झाला नाही.

गेल्या वर्षी नातीचे गणित कच्चे आहे असे कळले. मी उत्साहाने फोनवर म्हणालो, "रोज व्हिडिओ कॉलवर घेतो मी तिचं." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मुलगी म्हणाली, "नको बाबा. तुम्ही नका शिकवू तिला. इथे एक ताई आहेत, चार मुलं घेतात, तिथे घालते." ती रागाने बोलली नव्हती. त्या ताईंची फी किती, हे विचारायचे माझ्या मनात होते, ते मी विचारले नाही.

तेव्हा पालकांनी काय करावे, असे कोणी मला विचारले तर माझ्याकडे एकच व्यवहारी सूचना आहे. शिकवणी लावायचीच असेल तर आधी जाऊन एक तास मागे बसा. फळा पाहू नका, भिंतीवरचे बक्षीस मिळालेल्या मुलांचे फोटो पाहू नका. एखादे मूल चुकले की पुढच्या अर्ध्या मिनिटात काय होते एवढे पाहा. त्याला उत्तर सांगितले जाते, की त्याला विचारले जाते? अबॅकस आणि वैदिक गणिताच्या क्लासांनाही हीच कसोटी लावा. बाकी झटपट आकडेमोड हे काम आता खिशातला फोन करतो. त्यासाठी सहा वर्षांच्या मुलाची संध्याकाळ खर्च करायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि शाळांना विचारा. तीस मुलांच्या वर्गातही आठवड्यातून दोन तास इयत्ता बाजूला ठेवून गट करता येतात. काही शिक्षक करतातही, निवडणुकीच्या याद्या आणि जनगणनेच्या कामातून वेळ मिळाला तर. ज्यांना शिकवणी परवडत नाही त्यांना तेवढाच आधार आहे. आमच्या इस्त्रीवाल्याच्या मुलाची आई तीन महिने मुलाला माझ्याकडे पाठवत नव्हती, फी विचारायचा संकोच म्हणून. आमच्या इमारतीच्या जिन्यात रोज भेटणारी बाई. आणि मला वाटत होते, त्यांना गरज नसेल.

जूनमध्ये नवा गट सुरू करायचा आहे. आठ नावे आली आहेत, कप अजून सहाच आहेत. त्यासाठी जुन्यांपैकी दोघांना सोडावे लागेल, आणि पहिले नाव साहजिकच त्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचे आहे. त्याची वजाबाकी आता पक्की आहे, भागाकारही जमतो, चुकला तर स्वतःच रेघ मारून सही करतो. मी त्याच्या आईला म्हटले, "आता याला माझी गरज नाही. संध्याकाळी खाली क्रिकेटला पाठवा."

बाई घाबरल्या. "नाही हो काका, असं एकदम बंद नका करू. जमतंय ना आता? मग राहू दे की."

गेले पंधरा दिवस आमची यावर बोलणी चालू आहेत.